रंगावरून नाव : रोगकारक यीस्टच्या ओळखीचे एक परीक्षण

ढोकी हे तेरणा साखर कारखान्याचे गाव. ऊस, मळी आणि मळीपासून निघणारा मद्यार्क हे विषय इथल्या मुलांना पाठ्यपुस्तकात येण्याच्या आधीच ऐकून ठाऊक असतात. म्हणून तिथल्या शिक्षकांसमोर सूक्ष्मजीवांवर बोलण्याचा योग आला, तेव्हा आम्ही यीस्टपासूनच सुरुवात केली. यीस्ट मळीतील साखर खाते, मद्यार्क आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकते, पावाचे पीठ फुगवणारेही तेच, असे सगळे सांगून झाले. भाषण संपल्यावर एका शिक्षकांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला. त्यांच्या घरातील एका वृद्ध मधुमेही बाईंच्या लघवीच्या तपासणीचा तो अहवाल होता. शेवटी एकच ओळ होती : 'यीस्ट पेशी आढळल्या.'

"तुम्ही आत्ता सांगितलंत ते यीस्ट आणि हे यीस्ट एकच का?" त्यांनी विचारले. "एकच असेल तर घाबरायचं कशाला? आणि वेगळं असेल तर मग हे कोणतं?"

आम्ही त्या वेळी दिलेले उत्तर अपुरे होते. ते पुरे करायचे तर प्रयोगशाळेत यीस्टची ओळख कशी पटवतात आणि ती पद्धत कितपत विश्वासार्ह आहे, हे तपासावे लागते. या लेखात आम्ही तेच करणार आहोत. संवर्धन माध्यमे, म्हणजे सूक्ष्मजीव वाढवण्यासाठी तयार केलेले अन्न, ही या परीक्षणाचा विषय आहेत. आमचा आक्षेप माध्यमांवर नाही. ती वाचण्याच्या आपल्या पद्धतीवर आहे.

माध्यम म्हणजे प्रश्न

शाळेत आपण माध्यमाची ओळख 'सूक्ष्मजीवांचे अन्न' अशी करून देतो. ती खरी आहे, पण अर्धीच. प्रयोगशाळेत माध्यम हा सूक्ष्मजीवाला विचारलेला एक प्रश्नही असतो. 'तुला ही साखर पचते का?', 'एवढे मीठ सोसते का?', 'या तापमानाला तू वाढतोस का?' असे प्रश्न आपण बशीत घालून ठेवतो. जीव वाढला, न वाढला, रंगला किंवा न रंगला, हे त्याचे उत्तर. एका बशीचे उत्तर तेवढ्या एका प्रश्नापुरतेच असते, आणि नेमका याचाच आपल्याला विसर पडतो.

सर्वांत जुने आणि आजही सर्वाधिक वापरले जाणारे माध्यम फ्रेंच त्वचारोगतज्ज्ञ रेमों साबुरो यांच्या नावाने ओळखले जाते. त्यांनी ते एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्वचेवरील बुरशांसाठी वापरात आणले. आजची कृती साधी आहे : एक लिटर पाण्यात १० ग्रॅम पेप्टोन, ४० ग्रॅम ग्लुकोज आणि घट्टपणासाठी सुमारे १५ ग्रॅम आगर. आगर म्हणजे आपल्या स्वयंपाकघरातील चायना ग्रास. हे मिश्रण मुद्दाम आम्ल ठेवतात, त्याचा सामू ५.६ असतो. भरपूर साखर आणि आम्लता बहुतेक जीवाणूंना मानवत नाही, बुरशी आणि यीस्ट यांना मानवते. उरलेले जीवाणू रोखण्यासाठी क्लोरॅम्फेनिकॉल हे प्रतिजैविक घालतात.

या बशीवर एक-दोन दिवसांत मलईसारख्या, पांढुरक्या, गुळगुळीत वसाहती दिसू लागतात. त्यांना किण्वनाचा ओळखीचा वास येतो. पण साबुरोच्या माध्यमाने विचारलेला प्रश्न एवढाच आहे : 'तू बुरशीच्या कुळातला आहेस का?' 'हो' म्हणणाऱ्या कित्येक जाती असतात आणि बशीवर त्या जवळपास सारख्याच दिसतात. इथे थांबणाऱ्या प्रयोगशाळेला 'यीस्ट आढळले' याहून अधिक काही लिहिता येत नाही. ढोकीतील तो अहवाल तर बहुधा त्याच्याही एक पायरी अलीकडचा होता. लघवीचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली पाहून लिहिलेला.

या माध्यमाच्या एका सुधारित प्रकाराबद्दल इथेच सावध केले पाहिजे. हवेतून येणाऱ्या किरकोळ बुरशा बशी व्यापून टाकू नयेत म्हणून त्यात सायक्लोहेक्झिमाइड हे रसायन घालतात. नायट्याच्या बुरशीसाठी ते उत्तम. पण मेंदूच्या आवरणाचा दाह घडवणारे क्रिप्टोकॉकस निओफॉर्मन्स हे यीस्टही त्या रसायनामुळे वाढत नाही. मेंदूजलाचा नमुना केवळ अशा बशीवर टाकला, तर बशी स्वच्छ राहील आणि अहवालात 'वाढ नाही' असे लिहिले जाईल. ते वाक्य बशीपुरते खरे असेल, रुग्णाच्या बाबतीत मात्र खोटे.

जुन्या पद्धतींचे देणे

'हे कोणते यीस्ट?' या प्रश्नाला पहिले सोपे उत्तर सापडले ते कॅन्डिडा अल्बिकान्सच्या बाबतीत. माणसाच्या तोंडात, आतड्यात आणि योनिमार्गात एरवी गुण्यागोविंदाने राहणारी आणि प्रतिकारशक्ती खालावली की उलटणारी ही जाती. १९६० साली तिची एक झटपट परीक्षा प्रसिद्ध झाली. वसाहतीचा कण मानवी रक्तद्रवात मिसळून ३७ अंश सेल्सिअसला दोन ते तीन तास ठेवायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा. अल्बिकान्सच्या गोल पेशीतून सरळ, मुळाशी न आवळलेली नळी बाहेर आलेली दिसते. हरभऱ्याला मोड यावा तशी. म्हणून तिला अंकुरनलिका म्हणतात. खर्च जवळजवळ शून्य आणि उत्तर त्याच दिवशी.

दुसरी परीक्षा मक्याच्या पिठाची. मक्याच्या पिठाचा गाळलेला अर्क आणि आगर यांच्या माध्यमात अन्न तुटपुंजे असते. त्यात ट्वीन ८० हा पृष्ठक्रियाकारी पदार्थ थोडा घालतात. वर काचेचे पातळ झाकण ठेवून यीस्टला हवा कमी मिळेल असे करतात. अशा हलाखीत प्रत्येक जाती आपला वेगळा आकार दाखवते. अल्बिकान्स जाड भिंतीचे मोठे गोल बीजाणू तयार करते, तर दुसरी एखादी जाती लांबट पेशींच्या फांद्या पसरते किंवा नुसत्या गोल पेशींचे पुंजके करून राहते. भरल्या ताटावर सारखे दिसणारे जीव उपाशी ठेवल्यावर वेगळे दिसतात, ही मोठी चतुर कल्पना आहे.

मग या परीक्षांत उणे काय? १९९५ साली आयर्लंडमधील संशोधकांनी कॅन्डिडा डब्लिनिएन्सिस ही नवी जाती वर्णन केली. ती अंकुरनलिका काढते आणि मक्याच्या माध्यमावर जाड भिंतीचे बीजाणूही तयार करते. म्हणजे दोन्ही परीक्षांत ती अल्बिकान्स म्हणून उत्तीर्ण होत होती आणि तशीच नोंदली जात होती. फरक पाडणारा एक प्रश्न अगदी साधा होता : ४५ अंशाला वाढतेस का? अल्बिकान्स सहसा वाढते, डब्लिनिएन्सिस वाढत नाही. तो प्रश्न विचारण्याची गरज तोवर कोणाला वाटली नव्हती.

रंगीत बशांचे युग

१९९४ साली फ्रँक ऑड्स आणि त्यांचे सहकारी बर्नार्ट्स यांनी एका नव्या रंगोत्पादक माध्यमाचा अहवाल प्रसिद्ध केला. 'क्रोमआगर कॅन्डिडा' हे त्याचे नाव. यात काही विशिष्ट पदार्थ मिसळलेले असतात. एरवी ते रंगहीन असतात, पण यीस्टच्या एखाद्या विकराने त्यांचा तुकडा पाडला की रंग मोकळा होतो. ज्या जातीकडे जो विकर, तो तिचा रंग. दोन दिवसांनी अल्बिकान्स हिरवी, ट्रॉपिकॅलिस निळी आणि क्रुसी गुलाबी, खरबरीत, फिकट कडेची दिसते.

या माध्यमाचे श्रेय नाकारणे अन्यायाचे होईल. त्याचा सर्वांत मोठा गुण म्हणजे मिसळलेला संसर्ग ते उघडा पाडते. साबुरोच्या बशीवर दोन जातींच्या वसाहती एकमेकींत बेमालूम लपत. इथे हिरव्यांत एखादी गुलाबी वसाहत दिसली की तंत्रज्ञाचे लक्ष लगेच जाते. सूक्ष्मदर्शकाखाली बीजाणू ओळखण्याचा सराव नसलेल्या माणसालाही हे जमते.

आक्षेप इथून सुरू होतो. मूळ शोधनिबंधाच्या शीर्षकातच ही ओळख 'प्राथमिक अंदाजाची' आहे असे म्हटले होते. ठळकपणे वेगळ्या ओळखू येतात अशा जातीही त्यात मोजक्याच होत्या. व्यवहारात मात्र 'अंदाज' हा शब्द गळून पडला आणि रंगांचा तक्ता भिंतीवर चढला. तक्त्यात चार-पाच रंग आणि त्यांपुढे चार-पाच नावे. निसर्गात जाती शेकड्यांनी आहेत, तक्त्यात चौकटी पाच. मग सहावी जाती आली की ती सर्वांत जवळच्या रंगाच्या चौकटीत बसवली जाते. फिकट गुलाबी ते जांभळट या पट्ट्यात तर अनेक जाती गर्दी करतात. त्यातच बशी ठरलेल्या वेळेआधी किंवा फार उशिरा पाहिली तर छटा बदलते, आणि एका तंत्रज्ञाला जांभळट वाटणारा रंग दुसऱ्याला गुलाबी वाटतो.

ढोकीपासून जवळच तेर आहे, गोरोबाकाकांचे गाव. जमलेल्या संतांच्या डोक्यावर थापटणे मारून कोण पक्के आणि कोण कच्चे हे त्यांनी ठरवले, ही कथा सर्वांना माहीत आहे. कुंभाराची ती परीक्षा मडक्यापुरती चोख असते. आवाजावरून भाजले की नाही हे कळते. पण मडके कोणत्या गावच्या मातीचे, हे थापटण्याला विचारून उपयोग नाही. रंगीत बशीला आपण नेमके तेच विचारू लागलो.

कॅन्डिडा ऑरिसचा धडा

याची किंमत काय पडते, हे आपल्याच देशातील एका प्रकरणाने दाखवून दिले. २००९ साली जपानमधील संशोधकांनी टोकियोतील एका वृद्ध रुग्णाच्या कानातून मिळालेल्या यीस्टला नवी जाती म्हणून नाव दिले : कॅन्डिडा ऑरिस. लॅटिनमध्ये ऑरिस म्हणजे कान. तेव्हा ती निरुपद्रवी कुतूहलाची वस्तू वाटली. २०१३ साली दिल्लीच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटमधील अनुराधा चौधरी आणि सहकाऱ्यांनी दिल्लीतील दोन रुग्णालयांतील १२ रुग्णांमध्ये हीच जाती सापडल्याचे प्रसिद्ध केले. हे रुग्ण २००९ ते २०११ या काळातले होते. फ्लुकोनॅझोल या नेहमीच्या औषधाला ती दाद देत नव्हती.

मग मधल्या काळात ती दिसली कशी नाही? दिसत होती, पण दुसऱ्याच नावाने. २०१५ साली याच गटाने एक तपासणी प्रसिद्ध केली. एका प्रचलित स्वयंचलित यंत्राने 'कॅन्डिडा हिम्युलोनाय' किंवा 'कॅन्डिडा फमाटा' असे नाव दिलेले १०२ नमुने त्यांनी घेतले आणि त्यांच्या डीएनएचा क्रम वाचला. त्यांतील ८८ टक्के नमुने प्रत्यक्षात ऑरिस निघाले. हा आकडा शिक्षकांनी वर्गात फळ्यावर लिहावा असा आहे. यंत्र बिघडलेले नव्हते. ते यीस्टला निरनिराळ्या साखरा आणि इतर पदार्थ देऊन उत्तरे गोळा करते आणि आपल्या यादीतील जातींशी ताडून पाहते. यादीत ऑरिस नव्हतीच. म्हणून त्याने सर्वांत जवळचे नाव दिले. परीक्षार्थीचे नाव हजेरीपटावर नसेल, तर उत्तरपत्रिका दुसऱ्याच्या नावावर जमा होणार.

एका दुसऱ्या परीक्षासंचाची चूक तर अधिक बोलकी आहे. त्यात ऑरिसला कधी कधी ऱ्होडोटोरुला ग्लुटिनिस असे नाव मिळे. ऱ्होडोटोरुला हे लालसर-नारिंगी यीस्ट, तिच्या नावातच गुलाबी रंग आहे. बशीवरची वसाहत मात्र पांढरी! समोरच्या बशीकडे नुसते एकदा पाहिले असते तरी शंका यायला हवी होती. म्हणूनच 'यंत्राने ऱ्होडोटोरुला सांगितले आणि लाल रंग दिसत नसेल, तर ऑरिसचा संशय घ्या' अशी सूचना अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने प्रयोगशाळांना दिली. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०१७ साली ऑरिसबाबत सूचनापत्र काढले. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने धोकादायक बुरशांची पहिली यादी केली. त्यातील सर्वोच्च गटात चार नावे आहेत, आणि त्यांपैकी तीन यीस्टची : क्रिप्टोकॉकस निओफॉर्मन्स, कॅन्डिडा ऑरिस आणि कॅन्डिडा अल्बिकान्स.

ऑरिसची ओळख पटल्यावर माध्यमांनी काय केले, हे पाहणे उद्बोधक आहे. ही जाती ४० अंशांच्या वरही वाढते आणि १० टक्के मीठ सोसते. म्हणून १० टक्के मीठ असलेले, ग्लुकोजऐवजी डल्सिटॉल घातलेले द्रव माध्यम ४० अंशाला ठेवण्याची पद्धत २०१७ साली पुढे आली. बहुतेक इतर यीस्ट त्यात मागे पडतात. पुढे फिकट निळ्या वलयावरून ऑरिस दाखवणारी रंगीत बशीही निघाली. म्हणजे शत्रू कळल्यावर माध्यमाने त्याच्यासाठी नवा प्रश्न तयार केला. आधी नाव ठाऊक होते, मग प्रश्न सुचला. ठाऊक नसलेल्या जातीसाठी प्रश्न कोणत्याच बशीत नसतो.

एक चांगला प्रश्न : कारळे

दोष दाखवताना गुणाचे एक उदाहरण दिले नाही तर परीक्षण एकांगी होईल. ते उदाहरण आपल्या घरचेच आहे.

कारळ्याची चटणी भाकरीबरोबर खाणाऱ्या फार थोड्यांना माहीत असेल, की याच काळ्या बिया जगभरच्या प्रयोगशाळांत वापरल्या जातात. परदेशात कारळे हे पिंजऱ्यातील पक्ष्यांचे खाद्य म्हणून विकले जातात. १९६२ साली जर्मन शास्त्रज्ञ फ्रीडरिश श्टाइब यांना आढळले, की कारळ्यांच्या अर्काच्या माध्यमावर क्रिप्टोकॉकस निओफॉर्मन्सच्या वसाहती तपकिरी होतात. कॅन्डिडाच्या वसाहती पांढुरक्याच राहतात. कृती फार अवघड नाही : ५० ग्रॅम कुटलेले कारळे पाण्यात उकळून गाळायचे, त्यात थोडे ग्लुकोज, क्रिएटिनिन आणि आगर घालून एक लिटर करायचे.

हा रंग येतो कुठून? कारळ्यांत कॅफिक आम्ल असते. क्रिप्टोकॉकसकडे फिनॉलऑक्सिडेज हा विकर असतो. तो या आम्लापासून मेलॅनिन तयार करतो आणि ते पेशीच्या भिंतीत साठते. कापलेले वांगे किंवा सफरचंद काळे पडते, त्याच जातीची ही क्रिया. महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. हेच मेलॅनिन आपल्या शरीरातील पांढऱ्या पेशींच्या माऱ्यापासून त्या यीस्टचे रक्षण करते. मेलॅनिन तयार न करणारे उत्परिवर्तित प्रकार प्राण्यांमध्ये कमी घातक ठरतात. म्हणजे कारळ्यांची बशी केवळ सोयीची खूण विचारत नाही. ज्या गुणाच्या बळावर हा जीव रोग घडवतो, त्या गुणालाच ती हात घालते. आमच्या मते चांगल्या माध्यमाची ही कसोटी आहे. उत्तराचा संबंध रोगाशी किती जवळचा?

हिलाही मर्यादा आहे. क्रिप्टोकॉकस गॅटी ही भावंड-जातीही कारळ्यांवर तपकिरीच होते. त्या दोघींना वेगळे करण्यासाठी कॅनाव्हॅनिन आणि ग्लायसिन असलेले दुसरे माध्यम लागते, त्यावर गॅटी निळा रंग देते. शिवाय मेंदूजलातील क्रिप्टोकॉकसचा शोध आता पट्टीवरील प्रतिजन चाचणीने काही मिनिटांत लागतो. वसाहत वाढायला लागणारे दिवस रुग्णाकडे नेहमीच नसतात. तरी जिवंत यीस्ट हाती येऊन त्यावर औषध तपासायचे असेल, तर बशीला पर्याय नाही.

नाव कशासाठी हवे?

'नाव कळून काय करायचे? औषध द्या म्हणजे झाले,' असे कोणी म्हणेल. एके काळी हे म्हणणे बरेचसे बरोबर होते. पुण्याजवळ पिंपरीला हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना १९५४ साली सुरू झाला. तिथे एम. जे. तिरुमलाचार आणि सहकाऱ्यांनी मातीतील एका स्ट्रेप्टोमायसिसपासून हॅमायसिन हे बुरशीविरोधी औषध १९६०च्या सुमारास शोधले. त्या जीवाच्या नावात पिंपरीचे नाव गुंफले गेले. हॅमायसिनच्या कुळातील औषधे बुरशीच्या पेशीपटलातील अर्गोस्टेरॉलला चिकटतात आणि पटलाला भोके पाडतात. अर्गोस्टेरॉल बहुतेक यीस्टमध्ये असतेच, त्यामुळे जाती कोणती याने फारसा फरक पडत नसे.

१९९०च्या सुमारास फ्लुकोनॅझोल आले. गोळीने घेता येणारे, तुलनेने सुरक्षित आणि पुढे स्वस्तही. ते अर्गोस्टेरॉल तयार होण्याच्या एका टप्प्यावर बोट ठेवते, आणि हा टप्पा सगळ्या जातींत सारखा हळवा नसतो. अल्बिकान्स सहसा दबते, ग्लॅब्राटा अनेकदा जुमानत नाही, क्रुसी उपजतच प्रतिकारक, आणि ऑरिस बहुधा दाद देत नाही. औषध निवडक झाले, तेव्हा नाव ही चैन राहिली नाही. अतिदक्षता विभागात रक्तात यीस्ट शिरलेल्या रुग्णासाठी जातीचे नाव हाच औषधपत्राचा अर्धा भाग असतो.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. लघवीत किंवा थुंकीत यीस्ट सापडले म्हणजे रोग झालाच असे नाही. मधुमेही वृद्धांच्या लघवीत ते त्रास न देता राहू शकते. रक्तात किंवा मेंदूजलात सापडले, तर मात्र ते कधीही क्षुल्लक मानू नये. नमुना कुठला, हे नावाइतकेच महत्त्वाचे. बशी हे सांगू शकत नाही, डॉक्टरच सांगू शकतात.

ढोकीच्या प्रश्नाचे उत्तर

आता त्या शिक्षकांच्या प्रश्नाकडे येऊ. मळीचे यीस्ट आणि रोगाचे यीस्ट एकच का? साधारणतः नाही. आसवनीतील यीस्ट सॅकॅरोमायसिस सेरेव्हिसी, लघवीतील बहुधा कॅन्डिडा. पण ही रेषा आपण समजतो तेवढी ठसठशीत नाही. कॅन्डिडा क्रुसीचेच उदाहरण घ्या. किण्वन उद्योगात आणि आंबवलेल्या अन्नात आढळणाऱ्या एका यीस्टला पिचिया कुद्रियावझेवी म्हणत. २०१८ साली दोघांचा संपूर्ण जनुकसंच ताडून पाहिला, तेव्हा ही दोन नावे एकाच जातीची असल्याचे निर्विवाद झाले. कारखान्यात एक नाव, रुग्णालयात दुसरे. आणि सॅकॅरोमायसिससुद्धा अत्यवस्थ रुग्णाच्या रक्तात शिरल्याच्या नोंदी आहेत. रोग केवळ जीवाच्या जातीत नसतो, तो जीव आणि शरीर यांच्या भेटीत असतो.

एका विसंगतीची आम्हाला खंत वाटते. आसवनीला हवे असलेले यीस्ट पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील सूक्ष्मजीव संग्रहातून क्रमांकासह मागवता येते. जाती, मूळ, वाढीचे तापमान, सगळी माहिती कागदावर. मद्यार्क थोडा कमी निघाला तर यीस्टची चौकशी होते. रुग्णाच्या शरीरातील यीस्टवर मात्र पुष्कळदा 'आढळले' एवढाच शेरा. दोष एका प्रयोगशाळेचा नाही. आपण ग्राहकांनी पुढचा प्रश्न कधी विचारलाच नाही.

डीएनएचा क्रम वाचणे किंवा प्रथिनांच्या वजनांवरून जाती ओळखणारे यंत्र तालुक्याच्या ठिकाणी असावे, अशी अपेक्षा आम्ही करत नाही. त्या यंत्रालाही शेवटी यादी लागतेच. पण अंकुरनलिका, मक्याचे माध्यम, गरज तेथे कारळे आणि ४२ अंशांचा उबवणीकक्ष, एवढे कोणत्याही जिल्हा पातळीवरच्या प्रयोगशाळेला परवडते. तीन साध्या प्रश्नांची उत्तरे एकमेकांशी जुळली तर नाव लिहावे. जुळली नाहीत, तर 'ओळख अनिश्चित, संदर्भ प्रयोगशाळेकडे पाठवावे' असे लिहावे. चंदीगडच्या पदव्युत्तर वैद्यकीय संस्थेत रोगकारक बुरशांचा राष्ट्रीय संग्रह आहे. 'अनिश्चित' असे प्रामाणिकपणे लिहिलेला अहवाल आम्ही चुकीच्या नावापेक्षा कितीतरी वरचा मानतो.

वर्गात काय करता येईल?

रोगकारक यीस्ट शाळेत वाढवू नये. थुंकी, लघवी किंवा जखमेचा स्राव बशीवर टाकण्याचे प्रयोगही मुळीच करू नयेत. पण 'माध्यम म्हणजे प्रश्न' ही कल्पना पावाच्या यीस्टवर सुरक्षितपणे दाखवता येते.

तीन सारख्या बाटल्या घ्या. पहिलीत साखरेचे कोमट पाणी, दुसरीत उकळून कोमट केलेले दूध आणि तिसरीत नुसते कोमट पाणी, सर्व समान मापाने. प्रत्येकीत एक चमचा कोरडे यीस्ट घाला, तोंडावर फुगा बसवा आणि तासभर उबदार जागी ठेवा. साखरेच्या बाटलीवरचा फुगा टरारून फुगतो. दुधातही साखर असते, पण ती लॅक्टोज, आणि ती फोडणारा विकर या यीस्टकडे नाही. त्यामुळे तिथला फुगा फारसा उभा राहत नाही. नुसत्या पाण्यातही थोडा वायू निघू शकतो, कारण यीस्टने स्वतःच्या पेशीत थोडी साखर साठवलेली असते. म्हणून तिसरी बाटली तुलनेसाठी हवीच.

मग विद्यार्थ्यांना विचारा : 'दुधात न फुगणारे यीस्ट' एवढ्या माहितीवरून त्याचे नाव सांगता येईल का? येणार नाही. लॅक्टोज न पचवणाऱ्या जाती अनेक आहेत. नावापर्यंत पोहोचायला आणखी किती आणि कोणते प्रश्न लागतील, याची यादी त्यांनाच करू द्या. आणि शेवटी हेही विचारा, की ज्या जातीचे नाव कोणी अजून ठेवलेलेच नाही, ती या यादीत कुठे बसेल?

ढोकीच्या त्या शिक्षकांना आम्ही आता एवढेच कळवू : कागद पुन्हा डॉक्टरांकडे न्या आणि दोन गोष्टी विचारा. बाईंना लघवीचा काही त्रास आहे का, की नुसतेच यीस्ट दिसले? आणि उपचार करायचाच असेल, तर हे यीस्ट कोणते, हे बशीवर वाढवून पाहिले आहे का? पहिल्याचे उत्तर 'त्रास नाही' असे आले, तर कदाचित औषधच लागणार नाही. ते लागणार असेल, तर दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी मिळायला हवे.